पाल-यावलच्या जंगलात पर्यटक येऊ द्या, पण पाड्यावरची शेती मोडून नको

मा. संपादक साहेब,
स.न.वि.वि.

पत्र लांब झालंय, जागा नसेल तर कापा, पण उडदाच्या शेताचं आणि पिंगळ्याचं तेवढं ठेवा ही विनंती. मी रावेर तालुक्यातला, सातपुड्याच्या पायथ्याशी गाव, घरची अडीच एकर केळी आणि सोबत एक क्रूझर गाडी. सावदा-फैजपूर-रावेरकडून पालला माणसं नेतो-आणतो, बाजाराच्या दिवशी पाड्यावरची माणसं, पोती, शेळ्या आणि रविवारी पर्यटक. २२ वर्षं झाली हा घाट चढतोय. म्हणजे पर्यटक आले तर माझं घर चालतं हे आधीच सांगतो, मी पर्यटनाच्या विरोधात लिहितोय असं कोणी समजू नये.

गेल्या श्रावणातली गोष्ट. पालच्या पुढे एका नाल्यावर छोटा धबधबा आहे, नाव मुद्दाम लिहीत नाही, लिहिलं की पुढच्या रविवारी तिथं अजून शंभर गाड्या. मोबाईलवर कोणाचा तरी व्हिडिओ फिरला आणि त्या दिवशी सकाळी दहालाच रस्ता जाम. रस्त्याच्या खालच्या अंगाला एका पावरा आदिवासी बाबाचं शेत, उडीद आणि मधे मधे तुरीच्या ओळी, उडीद फुलावर आलेला. बांधावर बोरीच्या काट्यांचं कुंपण होतं ते कोणीतरी ओढून बाजूला टाकलं आणि एक गाडी आत घातली, तिच्या मागे दुसरी, बघता बघता आठ-दहा. माझी गाडी रस्त्यावरच होती पण शेतात जाऊन फोटो काढणाऱ्यांत माझ्या गाडीतली माणसं पण होती. बाबा आला, त्यानं आरडाओरडा केला नाही. एकानं खिशातून पन्नासची नोट काढून पुढे केली, बाबानं तिच्याकडे बघितलं नाही, तो खाली बसला आणि चाकोरीत आडवी झालेली झाडं एक एक करून उभी करायला लागला. मुळाशी चिखल दाबायचा, हातानं धरून ठेवायचं, सोडलं की झाड परत आडवं. त्याची नात असेल आठ-नऊ वर्षांची, ती दुसऱ्या चाकोरीतून तसंच करत येत होती. मी पण बसलो त्यांच्यासोबत. दीड तासात आम्हा तिघांच्यानं जेमतेम दोन ओळी झाल्या आणि त्यातली किती झाडं जगली मला माहीत नाही.

तो उडीद बाजारात विकायचा नव्हता. आपल्या खान्देशात कळण्याची भाकर सगळ्यांना माहीत आहे, ज्वारीत उडीद घालून दळतात ना, तीच पाड्यावरची वर्षाची भाकर. तो उडीद गेला म्हणजे दुकानातून डाळ आणायची आणि त्यासाठी एक पोरगं खाली केळीच्या बागेत सालदार म्हणून पाठवायचं. आखाजीला साल ठरतं, पोरगा वर्षभर घराबाहेर. पन्नास रुपयांत हे सगळं कसं बसणार?

आपल्या पेपरात पावसाळ्यात सातपुड्याचे फोटो येतात, छान येतात, मी कापून ठेवतो. पण त्या फोटोंत शेत दिसत नाही. जंगल दिसतं, धबधबा दिसतो, आणि वाचणाऱ्याला वाटतं की हे सगळं रिकामं आहे, कोणाचं नाही, जाऊन गाडी लावा. तसं नाहीये. यावल अभयारण्य १९६९ साली झालं, क्षेत्र १७७ चौरस किलोमीटरच्या वर, त्याच्या पोटात आणि कडेला जामन्या, गाडऱ्या, लंगडा आंबा, उसमळी अशी वस्ती आहे, पावरा, बारेला, तडवी, भिल्ल. ही माणसं तिथं फिरायला गेलेली नाहीत, त्यांचे देव तिथं आहेत, इंदल हा त्यांचा उत्सव तिथं होतो, होळीच्या आधीच्या भोंगऱ्या बाजाराला तिथूनच ढोल वाजवत खाली येतात.

आता मुद्द्याचं. या जंगलाबद्दल बोलणारे लोक मला गाडीत रोज भेटतात आणि त्यांचे दोन गट असतात. एक म्हणतो ही शेती आणि ही गुरं आहेत म्हणून जंगल संपतंय, सगळ्यांना उठवून खाली आणून बसवा, मग बघा वाघ कसा येतो. दुसरा म्हणतो इथं मोठी हॉटेलं, झिपलाईन, बोटिंग करा, आदिवासींना रोजगार मिळेल. गंमत नाही करत, हे दोन्ही गट मला एकाच बाजूचे वाटतात कारण दोघांच्या बोलण्यात पाड्यावरचा माणूस शेतकरी म्हणून राहत नाही, एकात तो जातो आणि दुसऱ्यात तो वेटर होतो. माझं म्हणणं एवढंच आहे की सातपुड्यात पर्यटन करायचं असेल तर ते पाड्यावरच्या शेतीच्या बेतानं करा आणि किती माणसं, कधी, कुठपर्यंत आणि पैसा कोणाकडे हे ग्रामसभेला ठरवू द्या. खात्यानं कायदा बघावा, मदत करावी, पण ठरवणारी ग्रामसभा असावी.

माणसं आणि गुरं काढली की जंगल आपोआप सुधारतं असं म्हणणाऱ्यांनी राजस्थानातल्या भरतपूरचं उदाहरण बघावं. तिथं पक्ष्यांचं मोठं तळं आहे, केवलादेव. राष्ट्रीय उद्यान झाल्यावर १९८२ मध्ये म्हशींची चराई एकदम बंद केली, गावकऱ्यांशी संघर्ष झाला, गोळीबारात माणसं गेली. आणि नंतर काय झालं तर तळ्यात गवत इतकं माजलं की पाणीच झाकलं गेलं, पाणपक्ष्यांना जागा उरेना. बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटीनं तिथं बरीच वर्षं अभ्यास केला होता, त्यातून निघालं की म्हशी ते गवत खाऊन पाणी मोकळं ठेवत होत्या. ज्यांनी चराईबंदीला पाठिंबा दिला होता त्यांच्याच अभ्यासातून हे आलं हे विशेष. मी असं म्हणत नाही की आपल्या सातपुड्यात पण हुबेहूब तसंच होईल, तिथं पाणथळ आहे इथं कोरडं सागाचं, अंजनाचं, सालईचं जंगल. पण आधी बघा, मोजा, गुराख्याला विचारा आणि मग बंदी घाला एवढं तरी शिकायला हवं ना.

आणि आपल्याकडचंच उदाहरण पाहिजे तर वनपिंगळा, म्हणजे जंगलातलं छोटं घुबड. हा पक्षी खान्देशचा आहे हे खान्देशातल्याच किती लोकांना माहीत आहे मला शंका वाटते. १८८४ नंतर तो कोणाला दिसलाच नाही, संपला असं धरून चालले होते. मधे एका इंग्रज अधिकाऱ्यानं १९१४ साली गुजरातेत मिळाला म्हणून एक नमुना दाखवला होता पण तो चोरलेला जुना नमुना निघाला. मग नोव्हेंबर १९९७ मध्ये तीन अमेरिकन पक्षीतज्ज्ञांना तो शहाद्याजवळ दिसला, आपल्या नंदुरबार जिल्ह्यात, ११३ वर्षांनी. नंतर तोरणमाळच्या जंगलात, मेळघाटात आणि आपल्या यावलमध्ये पण त्याची नोंद झाली. हा पिंगळा दिवसा बाहेर असतो, उघड्यावर बसतो, सरडे, उंदीर, किडे धरतो, आणि जुन्या झाडाच्या ढोलीत अंडी घालतो. घनदाट जंगलापेक्षा त्याला विरळ, मोकळं जंगल लागतं, म्हणून तो शेताच्या कडेला पण दिसतो. म्हणजे त्याला दोन गोष्टी पाहिजेत, ढोली असलेलं म्हातारं झाड आणि समोर मोकळी जागा. पाड्यावरच्या जुन्या शेतात हेच असतं, मधे मोहाचं झाड राखलेलं, बांधावर साग, कडेला अंजन. मोह तर कोणी तोडतच नाही, फुलं आणि टोळंब्याचं म्हणजे मोहाच्या बियांचं तेल घरात येतं ना त्याच्यापासून.

दोन वर्षांपूर्वी जानेवारीत मी चार फोटोग्राफर घेऊन गेलो होतो, बाहेरच्या शहरातले, कॅमेरे एवढाले. सोबत पाड्यावरचा एक पोरगा होता, बारावी झालेला, त्याला पक्षी चांगले कळतात. त्यानं एका शेताच्या बांधावर वाळलेल्या सागावर पिंगळा दाखवला, आमच्याकडे पाठ करून बसलेला, मग मान फिरवून बघितलं आणि परत शेताकडे. खाली तुरीची कापणी झालेली होती, खोडं उभी. पाच मिनिटात तो खाली उतरला आणि सरडा घेऊन वर गेला, मी स्वतः बघितलं. मग त्या फोटोग्राफरांपैकी एकानं मोबाईल काढला आणि पिंगळ्याचा आवाज वाजवायला सुरुवात केली. पक्षी दचकला, जवळ आला, या फांदीवरून त्या फांदीवर, ओरडायला लागला, त्याला वाटलं दुसरा पिंगळा त्याच्या हद्दीत आला. हे तीन-चार वेळा झालं. तो पोरगा म्हणाला, साहेब बंद करा, वर ढोलीत मादी बसलेली आहे. एक साहेब म्हणाले, अरे तुला पाचशे जास्त देतो. पोरानं पाचशे घेतले नाहीत, तो सरळ चालायला लागला आणि म्हणून मग बाकीच्यांना पण मागे यावं लागलं कारण वाट त्यालाच माहीत होती.

त्या पोराच्या हातात कोणतं ओळखपत्र नव्हतं, दंड करायचा अधिकार नव्हता, काहीच नव्हतं. तरी त्या दिवशी त्या पक्ष्याला त्यानंच वाचवलं. असे पंधरा-वीस पोरं पाड्यापाड्यावर तयार करता येतात आणि त्यांना त्यांच्या ग्रामसभेनं नेमलं पाहिजे म्हणजे पाहुणा नाराज झाला तरी त्यांची भाकरी जात नाही.

आता शेतीच्या त्रासाचं. मे महिन्यात बुद्धपौर्णिमेला वनखातं पाणवठ्यावर मचाण बांधून प्राण्यांची गणना करतं, हौशी लोक नाव नोंदवून येतात, मी पण पोचवतो त्यांना. रात्रभर चांदण्यात बसायचं, अस्वल दिसलं की आनंद. चांगला अनुभव आहे, मला पण आवडतो. पण भाद्रपद-आश्विनात त्याच डोंगरात शेताशेतात माळे उभे असतात, चार बल्ल्या आणि वर पळसाच्या पानांचं छप्पर, तिथं घरातलं कोणीतरी रोज रात्री बसतं, हातात गोफण, शेजारी पत्र्याचा डबा वाजवायला. मका दुधात आला की अस्वल येतं, ज्वारीत रानडुकरं, एका रात्रीत अर्धा एकर झोपवतात. पहाटे तीनला डोळा लागला की संपलं. मी एकदा गाडी बंद पडली म्हणून अशा माळ्यावर रात्र काढली, कडेला चूल पेटलेली, म्हातारी दर पंधरा मिनिटांनी डबा वाजवायची आणि मधेच मला विचारायची, भाकर खाशील का भाऊ. बुद्धपौर्णिमेची रात्र वर्षातून एक आणि ही माणसं दोन-अडीच महिने रोज जागतात, ते आपल्या कोणत्याच गणनेत येत नाही.

नुकसानभरपाई आहे, योजना आहेत, पण पंचनामा करायला जमिनीचा कागद लागतो आणि ज्याचा वनपट्टा मंजूरच झालेला नाही त्याच्याकडे कागद कुठून येणार. माझ्या ओळखीच्या एकाचा अर्ज असाच एका कार्यालयातून तीनदा परत आला, तिसऱ्यांदा गाडीभाड्याचे पैसे मी घेतले नाहीत. वनहक्क कायदा २००६ चा आहे, १३ डिसेंबर २००५ च्या आधीपासून जो आदिवासी कसतोय त्याला ४ हेक्टरपर्यंत हक्क मिळतो आणि हा कायदा अभयारण्यात पण लागू आहे, हे अजून कितीतरी शिकलेल्या लोकांना माहीत नाही, ते सरसकट अतिक्रमण म्हणतात. अभयारण्यात हे हक्क बदलायचे असतील तर आधी अभ्यास करून सिद्ध करावं लागतं की माणूस आणि प्राणी एकत्र राहूच शकत नाहीत, आणि ग्रामसभेची लेखी संमती लागते. त्याच कायद्यात ग्रामसभेवर जंगल आणि वन्यप्राणी राखायची जबाबदारी पण टाकलेली आहे. हक्क पण आहे आणि काम पण आहे. आपण हक्क देताना काटकसर करतो आणि काम मात्र फुकट मागतो.

एक बाजू मी लपवणार नाही कारण मग पत्राला अर्थ राहणार नाही. नेवाड होतं, म्हणजे जंगलातली झाडं तोडून, बुंधे जाळून नवीन शेत काढणारे आहेत, त्यात काही बाहेरून आलेले आहेत, काही इथलेच आहेत आणि काहींच्या मागे खालच्या गावांतले पैसेवाले आहेत. सागाच्या चोरट्या गाड्या रात्री उतरतात, सालईला घाव घालून डिंक काढून झाडं मारून टाकतात. हे बंद झालंच पाहिजे, कडक बंद, यात गरीब म्हणून सूट नको. पण नेवाड आणि आजोबापासूनचं शेत यातला फरक पाड्यावरच्या कोणत्याही म्हाताऱ्याला विचारा, तो हात करून दाखवेल, हे त्या साली तोडलं आणि हे माझ्या जन्माच्या आधीपासून. सॅटेलाईटचे नकाशे पण आहेत आता. मग दोघांना एका मापानं का मोजायचं? जुन्या शेताचा कागद लवकर दिला तर नेवाड करणाऱ्याला अडवायला तोच माणूस सगळ्यात पुढे उभा राहील, कारण त्याचंच पाणी, त्याचाच चारा जातो.

हे होऊ शकतं याचा पुरावा आपल्याच खान्देशात आहे, साक्री तालुक्यातलं बारीपाडा. तिथल्या कोकणा आदिवासींनी नव्वदच्या दशकापासून स्वतःचे नियम करून ४४५ हेक्टर जंगल परत उभं केलं, कुऱ्हाडबंदी, चराईबंदी त्यांनी स्वतः ठरवली, बाहेरून कोणी लादली नाही. पाणी वाढलं, भात वाढला. २००४ पासून तिथं वनभाज्यांची पाककृती स्पर्धा होते, बायका रानातल्या भाज्या शिजवून मांडतात, लांबून लांबून लोक बघायला आणि जेवायला येतात. चैत्राम पवारांना २०२५ मध्ये पद्मश्री मिळाली ती याच कामाला. मला त्यातली गोष्ट ही आवडते की तिथं पाहुणा येतो तो गावाचं जंगल आणि गावाचं पीक बघायला येतो, आणि कधी यायचं ते गाव सांगतं. नुसता धबधबा बघून परत जात नाही कोणी.

तसंच तिकडे सातारच्या कास पठारावर, २०१२ मध्ये जागतिक वारसा झाल्यावर गर्दी इतकी झाली की फुलं तुडवली जायला लागली, मग आजूबाजूच्या गावांची समिती शुल्क घेते, गाड्या बाहेर थांबवते आणि दिवसाला ३ हजारांच्या वर माणसं सोडत नाही. तिथं जमतं तर पालला का जमू नये.

आता वेळेचं बोलतो, कारण हे मला कुठंच वाचायला मिळालं नाही आणि मी गाडीवर असल्यामुळे दिसतं. आपल्याकडे गर्दीचे महिने जुलै ते सप्टेंबर. हेच निंदणी-कोळपणीचे महिने. रविवारी पोरं गाईड म्हणून, मक्याची कणसं भाजून विकायला, गाड्या लावायला रस्त्यावर येतात, तीनशे-चारशे रुपये सुटतात, आणि शेतात तण वाढतं. एक-दोन हंगाम असं झालं की बंटी, मोर, भादी यासारखी बारीक धान्यं पेरायचंच सोडून देतात कारण त्यांना निंदणी जास्त लागते. मग बियाणं पण जातं. धडगावकडे गावकऱ्यांनी बाएफ संस्थेच्या मदतीनं मक्याचे, ज्वारीचे जुने वाण जपून ठेवलेत, आपल्या पट्ट्यात पण अजून घराघरात गाडग्यात राख घालून ठेवलेलं बी मी बघितलंय, पण ते जगतं पेरलं तर. म्हणून मी म्हणतो की पाहुण्यांचा खरा हंगाम दिवाळीनंतर ते होळीपर्यंत धरा. पिकं घरात आलेली असतात, खळी चालू असतात, थंडी असते, पक्षी चांगले दिसतात, पोरं मोकळी असतात आणि नेमके तेच महिने ते कामाला खाली किंवा गुजरातेत जातात. तेव्हा त्यांना पाड्यावर काम मिळालं तर किती घरांची कुलपं निघतील. पावसाळ्यात बंदच करा असं नाही, पण मोजक्या गाड्या, आणि त्या पण पालला लावायच्या, पुढे पायी किंवा गावातल्या गाडीनं. यात माझा पण फायदा आहे हे मान्य करतो, माझी गाडी तिथलीच समजली जाते. पण बाहेरची एक पण गाडी शेतात उतरता कामा नये.

आणि जेवण. पर्यटक येताना खालून बिस्किटं, पाण्याच्या बाटल्या, चिकन सगळं घेऊन येतो, आणि मागे कचरा सोडून जातो, पाड्याला काय मिळालं तर प्लास्टिक जे शेळी खाते. त्यापेक्षा पाड्यावरच्या बचतगटाच्या बायकांनी ज्वारीची भाकर, उडदाची डाळ, करटुल्याची भाजी, मोसमात बांबूचे कोंब, असं जेवण द्यावं आणि ते धान्य तिथल्याच शेतातलं घ्यावं. तेव्हा कुठं बारीक धान्य पेरायला पोरांना पण कारण राहील.

हॉटेलांबद्दल माझं मत स्पष्ट आहे, अभयारण्याला लागून मोठं बांधकाम नको. जून २०२२ मध्ये सुप्रीम कोर्टानं प्रत्येक अभयारण्याभोवती किमान एक किलोमीटरचा इको सेन्सिटिव्ह पट्टा सांगितला होता आणि एप्रिल २०२३ मध्ये तो सरसकट नियम शिथिल केला. तेव्हा आमच्या पायथ्याच्या गावांत अशी हवा पसरली की आता शेती पण बंद होणार, लोक घाबरले. प्रत्यक्षात अशा पट्ट्यांच्या अधिसूचनांत स्थानिकांची चालू शेती चालूच राहते आणि बंधन येतं ते साधारण खाणी, कारखाने आणि नवीन मोठ्या हॉटेल-रिसॉर्टवर. हे कोणी समजावून सांगितलंच नाही, आणि त्या भीतीत काही जणांनी जमिनी विकायच्या गोष्टी सुरू केल्या. घ्यायला कोण तयार होते ते सगळ्या गावाला माहीत आहे, शेती करणारे कोणी नव्हते.

खालच्या केळीवाल्या भावांना पण दोन शब्द, कारण मी पण केळीवालाच. वरचं जंगल राहिलं पाहिजे ते आपल्या विहिरींसाठी. पायथ्याला जो गोटे-वाळूचा पट्टा आहे, बझाडा म्हणतात त्याला, तिथून सुकीचं आणि बाकी नद्यांचं पाणी जमिनीत मुरतं आणि ते आपल्या ट्यूबवेलला येतं. रावेर-यावलचं पाणी किती खोल गेलं हे मी सांगायची गरज नाही. २०१६ साली जळगावच्या केळीला भौगोलिक मानांकन मिळालं, अभिमान आहे, पण ती केळी त्या डोंगराच्या पाण्यावर उभी आहे. आणि डोंगरात पाड्यावरचा माणूस दगडी बांध घालून, पिकाखाली जमीन ठेवून ते पाणी अडवतोच आहे. मुक्ताईनगरकडे वढोदा-डोलारखेड्याला वाघ केळीच्या बागेत फिरतो, तिथल्या शेतकऱ्यांनी त्याच्यासोबत राहायचं शिकून घेतलंय, पहाटेचं पाणी द्यायला एकट्यानं जायचं नाही, सोबत बोलत जायचं. मेळघाटापासून यावल-अनेरपर्यंत त्याची ती वाट आहे. डुकरांसाठी कुंपणात करंट सोडणारे आपल्यात आहेत, त्यात वाघ पण मरतो आणि माणूस पण मरतो, ते तेवढं सोडा.

संपादक साहेब, माझी मागणी आपल्या पेपरातर्फे पोचवा. जुन्या शेतांचे पडून असलेले वनहक्क दावे आधी निकाली काढा, पर्यटनाचा कोणताही आराखडा त्याच्यानंतर. प्रवेशाचं शुल्क ग्रामसभेच्या खात्यात जमा होऊ द्या आणि त्यातून रानडुकराच्या नुकसानीची रक्कम पंधरा दिवसांत देता येईल असा निधी करा, शासनाची भरपाई येईल तेव्हा येईल. गाड्यांची संख्या ठरवा. पक्ष्यांचे आवाज वाजवायला बंदी करा. आणि हे ठरवायची बैठक तालुक्याला हॉलमध्ये नको, पाड्यावर घ्या, पावरी बोलणारा माणूस सोबत घेऊन, आणि निंदणी चालू असताना नको.

आपला वार्ताहर रविवारी येतो, गर्दीचे फोटो घेतो. एकदा बुधवारी पाठवा. उडीद काढणीला आलाय, त्या बाबाच्या शेतात मागच्या वर्षी चाकं गेली तिथं या वर्षी त्यानं दगडाचा बांध घातलाय, तो पण दाखवतो. सकाळी सहाला सावद्याच्या स्टँडवर थांबायला सांगा, गाडी माझी, भाडं नको.

आपला नियमित वाचक,
एक केळी उत्पादक व वाहनचालक,
ता. रावेर, जि. जळगाव